ट्रेडिंग कार्डांचा संग्रह करताना माझे काय चुकले, तुमचे काय चुकले?

गिरगावचा संग्राहक

नमस्कार.

कार्डे जमवलेल्या माणसांच्या आठवणी निघाल्या की बहुतेक वेळा त्या एकाच ठिकाणी येऊन थांबतात: ‘आईने सगळी रद्दीत घातली.’ माझी हकीकत याच्या उलट आहे. माझी कार्डे आईने चौदा वर्षे जपली आणि ती मी, जाणत्या वयात आणि मोठ्या हौसेने, अवघ्या एका पावसाळ्यात खराब केली. ही गोष्ट मनाला अजून लागून आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

१९९२ ते १९९६ या काळात गिरगावातल्या आमच्या चाळीत मे महिन्याची सुट्टी म्हणजे गॅलरीत मांडलेला कार्डांचा डाव. पैलवानांच्या ट्रम्प कार्डांवर उंची, वजन, छाती आणि दंड यांची मापे छापलेली असत. ज्याच्या हाती योकोझुना असेल तो डोळे झाकून ‘वजन’ म्हणे आणि समोरच्याचे कार्ड घेऊन जाई. त्याशिवाय बबलगमच्या पाकिटातून निघणारी क्रिकेटपटूंची कार्डे होती, त्यांना महिनाभर गोड वास येत असे. १९९६ साली दहावीचे वर्ष सुरू झाले, तेव्हा आईने माझी २१२ कार्डे जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातली आणि डबा कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिला. लग्नातली पैठणी ती ज्या रीतीने ठेवत असे, तीच ही रीत होती. पावसाळा सरला की दसऱ्याच्या सुमारास ती पैठणीबरोबर कार्डेही घडीभर सावलीत वाऱ्यावर पसरत असे, हे मला फार उशिरा कळले.

२०१० साली मी बोरिवलीला राहायला गेलो आणि डबा माझ्याकडे आला. एवढा संग्रह पत्र्याच्या डब्यात असणे मला कमीपणाचे वाटले. स्टेशनजवळच्या एका दुकानातून मी पारदर्शक खिशांचा जाडजूड अल्बम विकत आणला. त्याला नव्या रेनकोटसारखा उग्र वास येत होता. त्या वासानेच सावध व्हायला हवे होते, पण मला तो नवेपणाचा वास वाटला. अल्बम मी पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या शेल्फवर ठेवला. पावसाचा सगळा मारा त्याच भिंतीवर येतो.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात अल्बम उघडला, तेव्हा पानांवर तेलकट थर आला होता आणि कार्डे खिशांना चिकटली होती. पहिले कार्ड मी जोर लावून ओढले. पैलवानाचा चेहरा प्लॅस्टिकवर राहिला आणि माझ्या हातात पांढरा खरबरीत पुठ्ठा आला.

कारण नंतर समजले. स्वस्त अल्बमची पाने पीव्हीसीची असतात. हे प्लॅस्टिक मूळचे कडक असते. ते मऊ राहावे म्हणून त्यात जे द्रव्य मिसळतात, ते उष्णतेने आणि काळाने हळूहळू बाहेर झिरपते आणि छपाईच्या शाईला मऊ करून धरून ठेवते. पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लॅस्टिकच्या पानांत हे द्रव्य नसते. दोन्ही पाने दिसायला सारखी, किमतीत थोडाच फरक, आणि तो फरक वाचवण्यात माझी २२ कार्डे अडकली. बाकीची १९० वाचली, पण त्यांतल्या बऱ्याच कार्डांची चकाकी गेली.

ज्यांच्याजवळ अशा हकिकती आहेत त्यांनी त्या सविस्तर लिहाव्यात. ‘ही चूक करू नका’ एवढे पुरेसे नाही. चूक करताना ती बरोबर का वाटली होती, हे मला वाचायचे आहे.


कुर्लेकर

आपला अनुभव वाचताना आमच्या दिवाणाचा खालचा खण डोळ्यांपुढे आला. आम्ही कुर्ल्यात तळमजल्यावर राहत होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या रात्री आमच्या घरात कमरेएवढे पाणी होते. मी १९ वर्षांचा होतो. गहू-तांदूळ आणि शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रे माळ्यावर चढवण्यात रात्र गेली; कार्डांची आठवण दुसऱ्या दिवशी दुपारी, पाणी ओसरल्यावर झाली.

खणात सुमारे ३०० कार्डे आणि वेफर्सच्या पाकिटातून निघणाऱ्या प्लॅस्टिकच्या चकत्या, म्हणजे टॅझो होत्या. टॅझो धुतल्याबरोबर पहिल्यासारख्या झाल्या. कार्डांचा मात्र ओला गठ्ठा झाला होता. मी तो तसाच बाजूला ठेवला, कारण घरात त्याहून निकडीची शंभर कामे होती, आणि चार दिवसांनी ऊन पडल्यावर गच्चीवर नेऊन वाळवला. वाळल्यावर त्याची वीट झाली. सुरी घालूनही दोन कार्डे वेगळी होईनात.

पुढे कागदाच्या संवर्धनाचे काम करणाऱ्या एका बाईंशी ओळख झाली, त्यांनी याचा उलगडा केला. चकचकीत कागदावर बारीक मातीसारखा लेप असतो. तो भिजला की चिकट होतो आणि दोन पृष्ठे एकमेकांना लागून वाळली की तो लेप एकजीव होतो. त्यानंतर काहीही उपाय नाही. कार्डे ओली असतानाच, हवे तर स्वच्छ पाण्यात बुडवून, एकेक सुटी करायची असतात आणि सावलीत, हवेशीर जागी वाळवायची असतात. तेवढा वेळ हाताशी नसेल तर ओला गठ्ठा पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावा आणि सवड मिळेल तेव्हा थोडाथोडा बाहेर काढून सोडवावा. आमचा फ्रिज पाण्यात गेला होता, पण दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा चालू होता. त्या दिवशी हे ठाऊक असते तर त्यांनी नाही म्हटले नसते.

मुंबईत कार्डे जमिनीलगत ठेवू नयेत, एवढे तर कोणीही सांगेल. मला जास्त हळहळ त्या चार दिवसांची वाटते.


गणितशिक्षिका, मुलुंड

दोन्ही हकिकती जतनाच्या आहेत. माझी हळहळ त्याआधीच्या पायरीवरची, म्हणजे कार्डे मिळवण्याची आहे.

आमच्या इमारतीत मी एकटीच मुलगी क्रिकेटची कार्डे जमवणारी होते. मुले माझ्याशी अदलाबदल करत नसत. ‘तुला काय करायचीत?’ एवढेच उत्तर मिळे. त्यामुळे संच पूर्ण करायचा तर पाकिटे विकत घेणे हाच एक मार्ग मला उरला होता, आणि खाऊचे सगळे पैसे त्यात घालूनही माझा एकही संच कधी पूर्ण झाला नाही. मला वाटे, माझे नशीबच तसे. हा नशिबाचा प्रश्न नव्हता, हे मला एमएस्सीच्या वर्गात संभाव्यता शिकताना कळले, आणि त्या दिवशी वर्गात बसूनच मी ती आकडेमोड वहीच्या मागच्या पानावर केली.

समजा, संचात ५० कार्डे आहेत आणि प्रत्येक कार्ड निघण्याची शक्यता सारखी आहे. पहिली २५ वेगवेगळी कार्डे मिळवायला सरासरी ३४ कार्डे पुरतात. म्हणजे अर्धा संच हा हा म्हणता होतो आणि मुलाला वाटते की उरलेला अर्धाही असाच होईल. प्रत्यक्षात पूर्ण संचासाठी सरासरी २२५ कार्डे घ्यावी लागतात. त्यांतली १४६ तर केवळ शेवटच्या दहा कार्डांसाठी लागतात, आणि अगदी शेवटच्या एका कार्डासाठी सरासरी ५०. हे सगळे कार्डे समप्रमाणात छापली आहेत असे धरून. कंपन्या काही कार्डे मुद्दाम कमी छापतात, तेव्हा खरा आकडा याहून बराच मोठा असतो.

अदलाबदल केली की हे चित्र पालटते. पाच जण मिळून जमवू लागले की एकाचे डबल हे दुसऱ्याचे शेवटचे कार्ड असते, आणि प्रत्येकाच्या वाट्याचा खर्च २२५ च्या पुष्कळ खाली येतो. या कार्डांच्या नावातच अदलाबदल आहे. ज्याला ती नाकारली जाते तो दुकानदाराच्या हाती सापडतो.

आता मी वर्गातल्या मुलांना दोन गोष्टी सांगते. अर्ध्या संचापर्यंत पाकिटे घ्या, त्यानंतर अदलाबदल करा आणि शेवटची पाच-सात कार्डे सुटी विकत घ्या. सुटे कार्ड महाग वाटले तरी ते पन्नास कार्डांपेक्षा स्वस्तच पडते. आणि वर्गातल्या एकाही मुलीला ‘तुला काय करायचीत’ असे म्हणू नका.


दादरकर

मॅडम, आपले गणित मला २०२१ साली कोणी सांगितले असते तरी मी ऐकले नसते, कारण तेव्हा मी संच पूर्ण करत नव्हतो, गुंतवणूक करत होतो. निदान मला तसे वाटत होते.

टाळेबंदीत घरून काम चालू होते, प्रवासाचा खर्च वाचत होता आणि रोज रात्री परदेशातले लोक पाकिटे फोडतानाचे व्हिडिओ पाहण्याची सवय लागली होती. त्या वर्षीचे वातावरण आठवा. मार्च २०२१ मध्ये पीएसए या अमेरिकेतल्या प्रतवारी करणाऱ्या, म्हणजे कार्ड अस्सल आहे का आणि किती चांगल्या स्थितीत आहे हे पाहून दहापैकी गुण देणाऱ्या कंपनीने कामाचा ढीग साचल्यामुळे आपल्या बहुतेक सेवा थांबवल्या. मे महिन्यात टार्गेट या अमेरिकेतल्या दुकानसाखळीने ग्राहकांच्या हाणामारीनंतर दुकानांतली कार्डविक्री बंद केली. अशा बातम्या वाचून मी घाबरलो नाही, उलट मला वाटले की उशीर होतो आहे. पोकेमॉन कार्डांचे चार सीलबंद बॉक्स मी क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर मागवले. वाहतूक, सीमाशुल्क आणि कर धरून एकूण ९६,००० रुपये गेले. पत्नीला निम्मी रक्कम सांगितली. या धाग्यावर खरे लिहायचे ठरवले आहे, म्हणून हेही लिहितो.

मी एक साधी गोष्ट तपासली नाही: त्या काळात कार्डे किती छापली जात होती? कंपनीनेच जाहीर केलेल्या आकड्यांनुसार मार्च २०२१ पर्यंत जगभरात एकूण ३,४१० कोटी पोकेमॉन कार्डे तयार झाली होती आणि मार्च २०२२ पर्यंत ती संख्या ४,३२० कोटींवर गेली. १९९६ साली जपानमध्ये सुरुवात झाल्यापासून मार्च २०२१ पर्यंत जेवढी कार्डे निघाली, त्यांच्या एक चतुर्थांशाहून अधिक एका वर्षात छापली गेली. मी जे दुर्मीळ समजून घेत होतो त्याची छपाई रात्रंदिवस चालू होती. पुनर्मुद्रण बाजारात आले आणि माझ्या बॉक्सचा भाव खरेदीच्या खाली गेला.

जुन्या कार्डांना भाव का येतो, हे मी उलटे समजलो होतो. टॉप्स या अमेरिकी कंपनीचे १९५२ सालचे मिकी मँटल या बेसबॉलपटूचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. त्याच मालिकेतली न खपलेली कार्डे कंपनीने १९६० साली खोकी भरभरून अटलांटिक महासागरात बुडवली होती, कारण ती ठेवायला गोदामात जागा नव्हती. ज्या वस्तूची कोणालाच किंमत वाटली नाही, जी पोरांनी खेळून फाडली आणि आयांनी रद्दीत घातली, तिच्यातली चुकून शिल्लक राहिलेली प्रत मोलाची झाली. माझ्या बॉक्ससारखे लाखो बॉक्स आज लोकांनी कपाटात जपून ठेवले आहेत. रद्दीवाल्याकडे एकही जात नाही. मग ते दुर्मीळ होणार कसे?

हौसेला मोल नाही म्हणतात, ते मला मान्य आहे. पण माझ्या व्यवहारात हौस नव्हतीच. चार वर्षे झाली, त्या बॉक्समधले एकही कार्ड मी डोळ्यांनी पाहिलेले नाही.


लालबागकर

दादरकरांनी पत्नीशी बोललेले खोटे इथे मांडले, म्हणून मलाही लिहिण्याचा धीर आला.

२००३ साल. मी तेरा वर्षांचा होतो. त्याच वर्षी टीव्हीवर पोकेमॉन सुरू झाले होते आणि चाळीतल्या प्रत्येक पोराला कार्डे हवी होती. लालबागच्या दुकानांत मिळायची ती सगळी नकली, पातळ कागदाची. शेजारच्या खोलीतल्या आठ वर्षांच्या मुलाचा मामा जहाजावर कामाला होता. त्याने भाच्यासाठी सिंगापूरहून खरी कार्डे आणली. त्यांत चारिझार्ड या पोकेमॉनचे कार्ड होते. जानेवारी १९९९ मध्ये निघालेल्या पहिल्या इंग्रजी संचातल्या १०२ कार्डांपैकी ते चौथ्या क्रमांकाचे, चमकणाऱ्या चित्राचे. मला त्याचे मोल माहीत होते, त्याला नव्हते. मी त्याला पाच नकली चकचकीत कार्डे दिली आणि ते एक घेतले. ‘एकाला पाच’ म्हटल्यावर तो हरखून गेला होता.

दोन-तीन दिवसांनी मोठ्या मुलांनी त्याला समजावून सांगितले असणार. तो आमच्या दाराशी आला, पण कार्ड परत दे असे म्हणाला नाही. नुसता उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मी पुस्तकात डोके घालून बसलो, तोपर्यंत आईने त्याला लाडू दिला आणि तो गेला. पुढे चाळ पुनर्विकासाला गेली आणि बिऱ्हाडे पांगली. त्याचे कुटुंब विरारला गेल्याचे कानावर आले होते.

ते कार्ड माझ्याकडे अजून आहे. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसाबरोबर अमेरिकेला पाठवून त्याची प्रतवारी करून घेतली. दहापैकी चार गुण मिळाले, कारण मी ते रबर लावलेल्या गठ्ठ्यात ठेवले होते आणि दोन्ही कडांना रबराच्या खाचा पडल्या होत्या. अस्सल असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, तेव्हा मला आनंद होईल असे वाटले होते. मला लाडू आठवला.


पालक, भांडुप

माझा प्रश्न आजचा आहे, म्हणून मध्येच विचारते, क्षमा असावी. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. वाढदिवसाच्या पाकिटांत आलेल्या पैशांपैकी १,४०० रुपये त्याने शाळेजवळच्या दुकानातून सोनेरी पोकेमॉन कार्डे घेण्यात घालवले. ती प्लॅस्टिकची आहेत आणि सगळीच्या सगळी सोनेरी आहेत. आपण सगळे इतके जाणकार आहात, तर ती खरी की खोटी हे कसे ओळखायचे, आणि खोटी असतील तर त्याला सांगायचे कसे? तो रोज झोपण्यापूर्वी ती मोजतो.


लालबागकर

ताई, सगळी सोनेरी आणि प्लॅस्टिकची म्हणजे नकलीच. खऱ्या पाकिटात बहुतांश कार्डे साध्या पुठ्ठ्याची असतात आणि चमकणारी थोडीच निघतात.

पुठ्ठ्याच्या कार्डांबाबत संशय असेल तर एखादे खात्रीचे खरे कार्ड शेजारी ठेवून पाहावे. एकट्या कार्डाकडे बघून फसगत होते. जोडीने पाहिले की फरक कळतो. पाठीमागचा निळा रंग नकलीत फिका किंवा जांभळट असतो, अक्षरांची जाडी वेगळी असते आणि ‘पोकेमॉन’ या इंग्रजी नावातल्या ‘ई’वरची तिरकी रेघ पुष्कळदा गायब असते. मोबाइलचा दिवा मागून धरला तर नकली कार्डातून उजेड सहज आरपार येतो. खऱ्या कार्डाच्या पुठ्ठ्यात मधोमध काळसर थर असतो, तो उजेड अडवतो. काही लोक कार्ड फाडून तो थर बघायला सांगतात. तसे करू नका. खरे निघाले तर काय घ्या!

सांगायचे कसे, याचे उत्तर माझ्याकडे नाही. मात्र ती फेकून देऊ नका. खेळायला ती चांगली आहेत. अदलाबदलीत ती खरी म्हणून देता येणार नाहीत, एवढे त्याला कळले की पुरे.


गणितशिक्षिका, मुलुंड

ताई, तुम्ही निकाल सांगू नका. त्याला एक खरे सुटे कार्ड आणून द्या, साधे आणि कमी किमतीचे चालेल, आणि लालबागकरांनी सांगितलेल्या कसोट्या त्याच्याच हातून करून घ्या. नऊ वर्षांच्या मुलाला स्वतः शोधून काढलेली गोष्ट पचते. दुसऱ्याने सांगितली की रडू येते.


दादरकर

लालबागकरांच्या कार्डाला चार गुण मिळाले तरी प्रतवारी करून घेतली हे योग्यच झाले, असे मला वाटते. प्रतवारीनंतर कार्ड ज्या कडक प्लॅस्टिकच्या वेष्टनात येते, त्यात ते सुरक्षित राहते, आणि अस्सलपणाबद्दल वाद उरत नाही. महाग कार्ड प्रतवारीशिवाय घेऊच नये.


गिरगावचा संग्राहक

दादरकर, इथे माझे मत थोडे वेगळे आहे. ते वेष्टन हवाबंद नसते, त्यामुळे आपल्याकडच्या दमट हवेपुढे ते एकटे पुरे पडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि कागदाला ती साधारण ४० ते ५० टक्के मानवते. चमकत्या कार्डांचा तर वाकण्याचा स्वभावच आहे: पुठ्ठा ओल शोषून फुगतो, वरचा धातूसारखा पातळ थर फुगत नाही, आणि कार्ड कमानीसारखे वळते. त्यावर उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा डबा, त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या वेळोवेळी बदलणे किंवा गरम करून पुन्हा कोरड्या करणे. पुड्या एकदा टाकून विसरल्या तर त्या काही उपयोगाच्या राहत नाहीत.

अस्सलपणाविषयीही थोडे सांगतो. पीएसएने १९९१ साली सर्वांत पहिले ज्या कार्डाची प्रतवारी केली, ते होनस वॅगनर या बेसबॉलपटूचे, १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटातून निघालेले प्रसिद्ध कार्ड होते. त्याला दहापैकी आठ गुण दिले गेले. पुढे ते विकणाऱ्यानेच न्यायालयात कबूल केले की त्याच्या कडा कापून सरळ केल्या होत्या. म्हणून मी प्रतवारीला मत मानतो, अंतिम निवाडा मानत नाही.

ज्या जेफरसन बर्डिक यांनी जुन्या कार्डांची पद्धतशीर सूची प्रथम तयार केली, त्यांनी आपला ३ लाखांहून अधिक कार्डांचा आणि छापील कागदांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला, आणि संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांनी वर्षानुवर्षे तिथे बसून तो अल्बममध्ये चक्क चिकटवला. आजच्या बाजाराच्या हिशेबाने त्यांनी प्रत्येक कार्डाची किंमत मातीमोल केली. पण कोणते कार्ड कुठल्या संचातले, कोणी काढलेले, हे त्यांच्यामुळे जगाला कळले. माझ्या २१२ कार्डांपैकी कोणते मला कोणी दिले, कोणते डावात जिंकले आणि कोणते ठाकूरद्वारच्या दुकानातून घेतले, याची एक ओळही मी कुठे लिहून ठेवली नाही. कार्डांच्या चकाकीपेक्षा मला आता त्याचे जास्त वाईट वाटते. तेव्हा लिहायला पाठकोऱ्या वहीचे एक पान पुरले असते.


पालक, भांडुप

आठ दिवसांनी लिहीत आहे. मॅडमनी सांगितले तसे केले. माटुंग्याच्या एका दुकानातून ६० रुपयांचे एक साधे पण खरे कार्ड आणले आणि रविवारी दुपारी पडदे लावून, मोबाइलचा दिवा धरून आम्ही दोघे बसलो. एकूण ६३ कार्डे होती. पहिल्या दहा कार्डांनंतर तो काही बोलला नाही, पण सगळी ६३ तपासूनच उठला. मी समजूत घालायला गेले तर म्हणाला, ‘थांब, मला मोजू दे.’

रात्री त्याने विचारले की वर्गातल्या ज्या दोन मुलांना त्याने ही कार्डे देऊन त्यांची घेतली, त्यांना सांगावे लागेल का. मी म्हटले, तुला काय वाटते? सोमवारी तो त्यांची तीन कार्डे घेऊन गेला. एकाने आपले कार्ड परत घेतले आणि त्याचे सोनेरी परत केले. दुसरा म्हणाला की त्याला सोनेरीच आवडते, राहू दे. आता ही सोनेरी कार्डे वेगळ्या डब्यात आहेत आणि डब्यावर त्याने स्केचपेनने ‘फक्त खेळायला’ असे लिहिले आहे. दुकानदारावर मात्र तो अजून रागावलेला आहे, आणि तो राग मी घालवणार नाही.


लालबागकर

ताई, आपल्या मुलाची हकीकत दोनदा वाचली. आज सकाळी आमच्या जुन्या चाळीच्या व्हॉट्सॲप समूहावर त्या कुटुंबाचा पत्ता विचारला आहे. अजून कोणाचे उत्तर आलेले नाही.


गिरगावचा संग्राहक

काही जणांनी निरोप पाठवून त्या चिकटलेल्या २२ कार्डांचे पुढे काय झाले असे विचारले आहे, म्हणून लिहितो.

कार्ड प्लॅस्टिकपासून ओढायचे नसते, प्लॅस्टिक कार्डापासून सोलायचे असते, हे आता कळले आहे. खिशाच्या तिन्ही कडा पात्याने कापून घ्यायच्या, कार्ड टेबलावर सपाट दाबून धरायचे आणि वरचे प्लॅस्टिक जवळजवळ उलटे दुमडून, केसाएवढे पुढे सरकत काढायचे. एका कार्डाला अर्धा तास लागतो. अशी नऊ कार्डे चित्रासकट सुटली. उरलेल्या तेरांपैकी एक मी पहिल्याच दिवशी ओढून खराब केले होते; बाकीच्या बारांना मी हात लावलेला नाही. ती प्लॅस्टिकसकट कापून कागदी पाकिटांत वेगळी ठेवली आहेत, म्हणजे निदान इतर कार्डांना त्यांची बाधा होणार नाही.

बाकीची पुन्हा पत्र्याच्या डब्यात गेली आहेत. या वेळी प्रत्येक कार्डाला पॉलिप्रॉपिलीनची स्लीव्ह, म्हणजे पातळ पारदर्शक पिशवी आहे आणि डब्यात सिलिका जेल आहे. कापड कोणते घालावे, हे आईला फोन करून विचारले. ती म्हणाली, सुतीच घाल, पण खळ काढून, दोनदा धुऊन. नव्या कापडाच्या खळीला कसर लागते. दसऱ्याला ती बोरिवलीला येणार आहे, तेव्हा डबा उघडू. कोणते कार्ड कोणाकडून आले, यातले तिला काही आठवते का ते विचारायचे आहे, वही आणून ठेवली आहे.